पाण्यात तेल, तेलात पाणी

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील हकीकत आहे. खानदेशातील एका पेढीच्या मोटारीवर नोकरीस असलेला चालक आमच्या युनियनच्या कचेरीत आला आणि एक कागद पुढे ठेवून गप्प बसला. कागदावर चार ओळी होत्या. चालकाने निष्काळजीपणे रेडिएटरमध्ये गिअरचे तेल ओतल्यामुळे गाडीचे मोठे नुकसान झाले असून ते त्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापून घेतले जाईल, असा त्यांचा मतलब. तेल खरोखर ओतले काय, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "भाऊ, मी पानी टाकं. तेल कसाले टाकसू?"

आम्ही तडक पेढीवर गेलो आणि मोठ्या आवाजात सांगितले की, ही इंजिनाची हेड गॅस्केट गेल्याची खूण आहे, यात चालकाचा काय दोष? तेथे हजर असलेल्या मिस्त्रीने शांतपणे इंजिनाची डिपस्टिक ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा बुडवून वर काढली आणि आमच्यापुढे धरली. इंजिनाचे तेल स्वच्छ होते. त्यात पाण्याचा मागमूस नव्हता. रेडिएटरच्या तोंडाशी जमलेला लगदा काळा नव्हता, गुलाबी होता. आमचे तोंड बंद झाले. ज्या यंत्रापायी माणसाचा पगार कापला जातो, ते यंत्र समजून घेतल्याखेरीज त्या माणसाची बाजू मांडता येत नाही, हे आम्हांस त्या दिवशी कळले. पुढे मिस्त्री लोकांच्या शेजारी बसून, गाड्यांच्या पुस्तिका चाळून आणि चार ठिकाणी चुकून आम्ही जे शिकलो, तेच येथे मांडत आहोत. त्याचे सार एका वाक्यात सांगता येईल : पंचनामा आधी यंत्राचा करावा, माणसाचा नंतर.

प्रथम प्रश्न असा की, पाण्याच्या रेडिएटरशी गिअरच्या तेलाचा संबंध काय? हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत बहुधा काहीच नाही. अशा गिअरबॉक्समध्ये उष्णता बेताची होते आणि बाहेरून लागणारा वारा ती घेऊन जातो. आपोआप गिअर बदलणाऱ्या, म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत गोष्ट निराळी. तेथे पायाने दाबायचा क्लच नसतो. त्याच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर नावाचा बंद डबा असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. या डब्यात वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिन एक पंखा फिरवते, आणि तेलाच्या झोताने दुसरा पंखा फिरून चाकांकडे शक्ती जाते. हे तत्त्व हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने जहाजांसाठी बसविले व १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. त्याच जातीच्या द्रवजोडणीचा आधार घेऊन अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत पूर्णपणे आपोआप चालणारा गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर बाजारात आणला.

सोय मोठी झाली, पण तिची किंमत उष्णतेच्या रूपाने द्यावी लागते. गाडी चढावर असली किंवा गर्दीत पावलापावलाने सरकत असली, म्हणजे पहिला पंखा जोरात फिरतो आणि दुसरा मागे राहतो. दोहोंच्या वेगातील फरकाइतकी शक्ती तेल घुसळण्यात खर्च होते आणि तेल तापते. धुळ्याजवळचा लळिंगचा घाट, सुरत रस्त्यावरील कोंडाईबारी, चाळीसगावहून वर चढणारा कन्नडचा घाट. यांपैकी कोणताही घाट जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेल्या दिवसांत चढून पाहावा, म्हणजे त्या तेलाची काय अवस्था होत असेल याची कल्पना येईल. शिवाय हे तेल नुसते वंगण नव्हे. त्याच्याच दाबाने गिअरबॉक्समधील क्लचच्या चकत्या आवळल्या जातात. तेल फार तापून बिघडले, की गिअर धरत नाही.

म्हणून ते थंड करावे लागते. उन्हाळ्यात आपल्या घरी दूध नासू नये म्हणून दुधाचे भांडे पाण्याच्या परातीत ठेवतात. तीच युक्ती येथे केलेली असते. रेडिएटरच्या ज्या बाजूच्या टाकीत थंड झालेले पाणी येते, त्या टाकीच्या पोटात धातूची एक बंद नळी बसविलेली असते. गिअरबॉक्सचे तेल एका पाइपाने त्या नळीत येते, भोवतालच्या पाण्याला आपली उष्णता देते आणि दुसऱ्या पाइपाने परत जाते. तेल आणि पाणी यांत धातूचा पातळ पत्रा, एवढीच भिंत. दुधाच्या भांड्याला भोक पडले तर दूध परातीत आणि परातीतले पाणी दुधात जाणार, हे कोणासही सांगावे लागत नाही. रेडिएटरमध्ये घडते ते हेच.

पण गळती कोणत्या दिशेने होते? सर्व निदानाची किल्ली या प्रश्नात आहे. इंजिन चालू असताना गिअरबॉक्समधील पंप तेल ढकलीत असतो. तेव्हा नळीतील तेलाचा दाब साधारणतः पाण्याच्या दाबाहून अधिक असतो आणि तेल पाण्यात शिरते. इंजिन बंद केले, की पंप थांबतो आणि तेलाचा दाब तत्काळ उतरतो. रेडिएटरचे पाणी मात्र अजून कढत असते आणि त्याचे झाकण दाब धरून ठेवणारे असते. पुष्कळ गाड्यांत हा दाब हवेच्या दाबाहून सुमारे एक पट जास्त असतो, आणि त्यामुळेच तेथील पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. आता पाण्याचा दाब वरचढ झाला. पाणी तेलात शिरते. म्हणजे गाडी चालत असता तेल पाण्यात जाते आणि गाडी उभी राहिली की पाणी तेलात जाते. काही दिवस असे चालले, की दोन्हीकडे भेसळ सापडते.

चालकावरील आरोपाची परीक्षा याच गोष्टीने होते. कोणी चुकून रेडिएटरमध्ये तेल ओतले, तर तेल पाण्यात सापडेल. पण गिअरबॉक्सच्या तेलात पाणी कोठून येणार? दोन्हीकडे मिसळ असेल, तर मधली भिंत फुटली आहे असा संशय घ्यावा.

ऑटोमॅटिक म्हणून विकली जाणारी प्रत्येक गाडी या वर्गात बसत नाही, हेही ध्यानात घ्यावे. २०१४ साली मारुती सेलेरिओबरोबर आपल्याकडे जी एएमटी पद्धत लोकप्रिय झाली, तीत गिअरबॉक्स हातगिअरचाच असतो. क्लच व गिअर हलविण्याचे काम तेवढे यंत्र करते. तेथे टॉर्क कन्व्हर्टर नाही आणि सहसा ही नळीही नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या आणि सीव्हीटीच्या गाड्यांत तेल थंड करण्याची सोय असते. काहींत ती रेडिएटरच्या टाकीत, तर काहींत गिअरबॉक्सवरच बसविलेल्या लहान डब्यात असते व रेडिएटरचे पाणी पाइपाने तेथे नेलेले असते. या दोन्ही प्रकारांत भिंत फुटू शकते. ज्या गाडीचे तेल वेगळ्या जाळीत केवळ हवेने थंड होते, तेथे पाण्याशी गाठच पडत नाही. तेव्हा आपल्या गाडीत कोणती व्यवस्था आहे, हे पुस्तिकेत पाहून मगच तर्क लढवावा.

आता तपासणीचा क्रम. काटा वर चढलेला दिसला किंवा गिअर घसरू लागला, की गाडी थांबवावी आणि इंजिन बंद करावे. रेडिएटर गरम असताना झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच कढत पाणी उसळते आणि तोंड-हात भाजतात. गाडी पूर्ण निवल्यावर झाकण काढून आत पाहावे. पाण्यावर तेलाचा तवंग, झाकणाच्या आतून चिकटलेली साय, किंवा गुलाबाचे सरबत घातलेल्या दुधासारखा घट्ट लगदा दिसतो काय? ऑटोमॅटिक गिअरचे तेल इतर तेलांतून ओळखू यावे म्हणून बहुधा तांबडे रंगविलेले असते. पाण्याशी घुसळले गेले, की त्याला हा दुधी गुलाबी रंग येतो.

केवळ रंगावरून मात्र निकाल देऊ नये. काही कंपन्यांचे कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळण्याचे द्रावण, मुळातच तांबडे किंवा गुलाबी असते. सर्वच कंपन्यांचे गिअरतेल तांबडे नसते आणि जुने तेल तपकिरी पडते. यासाठी काचेच्या स्वच्छ बाटलीत रेडिएटरमधील थोडे पाणी घेऊन ती रात्रभर स्थिर ठेवावी. तेल असेल तर त्याचा थर किंवा साय वर येते. नुसते कूलंट असेल तर बाटली वरपासून खालपर्यंत एकसारखी दिसते.

दुसरी बाटली गिअरबॉक्सच्या तेलाची भरावी. ज्या गाडीत गिअरबॉक्सची डिपस्टिक असते, तेथे काम सोपे आहे : तेल पारदर्शक आहे की दुधाळ, त्यावर फेस आहे काय आणि त्याची पातळी वाढली आहे काय, ते पाहावे. आजच्या पुष्कळ गाड्यांत ही पट्टीच नसते. तेथे गॅरेजमध्ये गाडी उचलून खालच्या बुचातून तेल काढावे लागते. तेलात पाणी आहे की नाही हे ठरविण्यास मिस्त्री लोकांची एक जुनी रीत आहे. लोखंडी पत्रा चांगला तापवून, ज्योतीपासून दूर नेऊन, त्यावर तेलाचा एक थेंब सोडावा. पाणी असेल तर थेंब तडतडतो. नसेल तर गुपचूप पसरतो. हा प्रयोग उघड्या जागी, डोळ्यांना चष्मा लावून करावा आणि घरातला तवा त्यासाठी कदापि घेऊ नये. तिसरी तपासणी इंजिनाच्या डिपस्टिकची. आम्ही ज्या तपासणीपुढे गप्प झालो, तीच ही.

या तीन साक्षींवरून चार निकाल निघतात. रेडिएटरमध्ये तेल आणि गिअरबॉक्सच्या तेलात पाणी असेल, तर थंड करणारी नळी फुटली असण्याचा संभव सर्वांत जास्त. रेडिएटरमध्ये काळपट किंवा तपकिरी लगदा असून गिअरबॉक्सचे तेल स्वच्छ असेल, तर तेल इंजिनाचे आहे. मग इंजिनाचा ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केट तपासावी. गॅस्केट गेली असेल तर बहुधा इंजिन चालू होताच रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहतो. रेडिएटरचे पाणी आणि गिअरबॉक्सचे तेल दोन्ही स्वच्छ असून तेलाची पातळी मात्र उतरत असेल, तर गळती बाहेर आहे. अशा वेळी पाइप व त्यांचे नट पुसून कोरडे करावेत, गाडीखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवावे आणि डाग कोठे पडतो ते पाहावे. वारा तेल मागे उडवतो, म्हणून जेथे ओल सर्वांत पुढे आणि सर्वांत वर आहे, तेथून शोध सुरू करावा. चौथा निकाल असा की, रेडिएटरमध्ये तांबडे तेल आहे, पण गिअरबॉक्स व इंजिन दोन्ही स्वच्छ आहेत. येथे कोणी तेल ओतले असेल, किंवा भोक इतके नवे असेल की पाणी अजून उलट गेले नसेल. अशा वेळी तर्क पुरत नाही. प्रत्यक्ष परीक्षाच करावी लागते.

ती परीक्षा अशी. गाडी थंड असताना गिअरतेलाचे दोन्ही पाइप रेडिएटरपासून सोडवावेत. रेडिएटर पाण्याने काठोकाठ भरावा व झाकण उघडे ठेवावे. नळीच्या एका तोंडाला बूच मारावे आणि दुसऱ्या तोंडातून पुस्तिकेत सांगितलेल्या मर्यादेत हवेचा दाब द्यावा. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येऊ लागले, की भिंत फुटली हे सिद्ध झाले. उलट रीतीनेही हे करता येते : पाण्याच्या बाजूस हातपंपाने दाब द्यावा आणि तेलाच्या मोकळ्या तोंडातून पाणी ठिबकते काय ते पाहावे. सायकलच्या पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवावी, तितकी ही साधी गोष्ट आहे, आणि तिचा निकाल मालक, मिस्त्री व चालक तिघांसही डोळ्यांनी दिसतो.

दुरुस्तीत अर्धे काम करून भागत नाही. रेडिएटर बदलला आणि गिअरबॉक्स तसाच ठेवला, तर रोगी घरी आणला पण रोग राहिलाच. पाण्याने क्लचच्या चकत्यांचे अस्तर फुगते, त्याचा चिकटा सुटू लागतो आणि पोलादी भाग गंजतात. पाणी थोडेच गेले असेल व लौकर कळले असेल, तर तेल पुन्हा पुन्हा बदलून गिअरबॉक्स वाचू शकतो. उशीर झाला असेल तर तो उघडावाच लागतो. तेलाने रबरी होज पाइप फुगतात व मऊ पडतात. तेही पाहून बदलावेत. गळती बुजविण्याची पूड रेडिएटरमध्ये टाकून दिवस काढू नयेत. त्या पुडीने पाण्याच्या बारीक वाटा बुजण्याचे भय असते, आणि दोन्ही बाजूंनी दाब खाणाऱ्या भिंतीचा भरवसा काही येत नाही.

भिंत फुटते कशाने? वर्षानुवर्षांचे हादरे, समोरून बसलेला मार, आणि गंज. खानदेशात या तिसऱ्या कारणाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी बोअरचे पाणी जड असते. चुलीवरच्या हंड्यात त्याचे पांढरे पुट किती लवकर चढते, हे घरोघरच्या बायांना ठाऊक आहे. तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतले, तर तेच पुट तेथे चढते. पाणी नीट फिरत नाही आणि उष्णता वाढते. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात, पण नुसते पाणी ओतीत गेल्याने ती विरळ होतात आणि वयोमानाने त्यांची शक्तीही जाते. म्हणून कूलंट मुदतीत बदलावे, भर घालायची तर डिस्टिल्ड पाण्याची घालावी, आणि होळी झाली की, आखाजीची वाट न पाहता, रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ व काडीकचरा धुवून काढावा. बहुतेक कूलंटमधील ग्लायकॉल चवीला गोडसर पण विषारी असते. काढलेले द्रावण गटारात किंवा उघड्या टोपल्यात ठेवू नये. मुले आणि गुरे-कुत्री ते पिऊ शकतात.

आता त्या चालकाकडे परत येऊ. आम्ही पुन्हा पेढीवर गेलो तेव्हा रेडिएटरमधील पाणी केव्हाच फेकून दिलेले होते. पुरावा गटारात गेला होता. सुदैवाने काढलेला जुना रेडिएटर गॅरेजच्या भंगारात पडून होता आणि गिअरबॉक्समधून काढलेले तेल एका डब्यात तसेच होते. ज्या मिस्त्रीने आम्हांस गप्प केले होते, त्यानेच सर्वांसमोर त्या तेलाचा थेंब तापल्या पत्र्यावर सोडला; तो तडतडला. मग रेडिएटर पाण्याने भरून नळीत हवा दिली. बुडबुडे वर आले. तेल कोणी ओतले नव्हते. नळी कुजली होती. पेढीने कागद मागे घेतला.

चालकाचा काहीच दोष नव्हता काय? होता. काटा वर गेल्यावरही पुढचे गाव गाठावे म्हणून त्याने गाडी तशीच हाकली होती, आणि हे त्याने आमच्यापाशी कबूल केले. ती चूक आम्ही त्याला स्पष्ट सांगितली. परंतु दोन उन्हाळे कूलंटचा खर्च वाचवून गाडी बोअरच्या पाण्यावर कोणी चालविली, हेही पेढीच्याच बिलांवरून दिसत होते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने नुकसानीची कपात करण्यापूर्वी दोन अटी घातल्या : नुकसान थेट त्या कामगाराच्या हयगयीमुळे झालेले असावे, आणि त्याला आपली बाजू सांगण्याची संधी दिलेली असावी. २०१९ च्या वेतन संहितेतही बाजू ऐकून घेण्याचे हे तत्त्व कायम आहे. पण पुरावाच गटारात ओतून टाकला, तर माणूस बाजू मांडणार कशाच्या आधारावर?

म्हणून गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकास आमचे एक सांगणे आहे. असा बिघाड झाला, की धुण्यापुसण्याच्या आधी दोन बाटल्या भराव्या, एक रेडिएटरची आणि एक गिअरबॉक्सची. त्यांवर तारीख घालून चालकाची व मिस्त्रीची सही घ्यावी, आणि त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कपाटात कुलपात ठेवाव्यात. काढलेला भाग निकाल लागेपर्यंत भंगारात देऊ नये.

तो चालक पुढे त्याच पेढीवर राहिला. त्याच्या गाडीच्या डिकीत डिस्टिल्ड पाण्याचा एक डबा असे, आणि तो पेढीच्या खर्चाने भरला जाई.